काळाने नाही, खड्ड्याने

पडघ्याच्या नाक्यावर परवा फ्लेक्स लागलाय. आमच्या आळीतल्या पोराचा फोटो तळहाताएवढा आणि भोवती श्रद्धांजली वाहणारे चौदा चेहरे. वर मोठ्या अक्षरात, 'काळाने घाला घातला'.

मंडळी, काळाने नाही, खड्ड्याने. नाशिक हायवे, रात्रीचा पाऊस, पाण्याने भरलेला खड्डा आणि दुचाकी. जूनपासून आम्ही तीन अर्ज दिलेत. तिन्हींची पोच माझ्याकडे आहे.

बातमीत काय आलं? 'परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.' कोण करतंय व्यक्त? मी त्या घरात होतो. आईने हंबरडा फोडला. वासरू दुरावलं की गाय हंबरते ना, त्यातलाच हा शब्द. आजी कोपऱ्यात मुसमुसत होती. बहीण हुंदके गिळून आल्यागेल्याला पाणी देत होती. बापाच्या डोळ्यांत टिपूस नाही, पोराच्या चपला नुसत्या सरळ करत बसला होता. मराठीत ह्या सगळ्याला शब्द आहेत. पेपरवाल्याला आणि पुढाऱ्याला सापडते ती फक्त हळहळ!

लॅटिनमध्येही असाच फरक होता. फ्लेरे म्हणजे डोळ्यांतून पाणी येणं, प्लोरारे म्हणजे मोठ्याने आक्रोश करणं. ह्या प्लोरारेपासूनच इंग्रजीत 'डिप्लोर' आलं, जे हल्ली साहेबलोक कोरड्या डोळ्यांनी निवेदनात टाईप करतात. जुन्या रोममध्ये अंत्ययात्रेत रडायला पैसे देऊन बायका आणत, त्यांना प्रेफिका म्हणत. आपण हसू त्यांना, पण त्या बिचाऱ्या प्रेताबरोबर चालत तरी होत्या. फ्लेक्सवरच्या चौदांपैकी तिरडीमागे किती आले ते मी मोजलंय. दोन.

कोणी म्हणेल, शब्दांवरून कशाला भांडतोस, आधी खड्डा बुजवून घे. अरे बाबा, 'काळाने नेलं' म्हटलं की अर्ज द्यायचा कुणाला? काळाचं ऑफिस कितव्या मजल्यावर आहे? 'खड्ड्याने मेला' असं लिहा, मग ठेकेदार आठवतो, बिल पास करणारा आठवतो, पाहणी केल्याची सही आठवते. म्हणून तर तसं कोणी लिहीत नाही.

खाली रडके इमोजी टाकू नका. सोमवारी सकाळी अकरा वाजता पोचपावत्या घेऊन मी निघतोय. यायचं त्यांनी नाक्यावर, त्या फ्लेक्सखालीच भेटा.