बी.कॉम. आणि 'सोबत'

परवा एका साखरपुड्याला गेले होते. पंगतीत शेजारी बसलेल्या, आमच्या नात्यातल्याच एका बाईंनी माझ्या नातीला विचारलं, "काय करतेस गं सध्या?" ती म्हणाली, "एस. वाय. बी.कॉम." बाईंनी जिलबीचा तुकडा मोडला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हो का... आणि सोबत?"

"सोबत म्हणजे?"

"म्हणजे सीए, सीएस वगैरे काही?"

"नाही."

"असू दे, असू दे. होईल काहीतरी." पोरगी नुकतीच कावीळीतून उठल्यासारखा आवाज!

(त्या बाई हे वाचणार आहेत याची मला कल्पना आहे. वाचू देत. राग त्यांचा नाही, त्या शब्दाचा आहे.)

इंजिनिअरिंगच्या मुलाला "सोबत काय करतोस?" असं कोणी विचारत नाही. नर्सिंगच्या मुलीलाही नाही. बी.कॉम. तेवढं सगळ्यांच्या लेखी रिकामं ताट, त्यात वाढायचं ते दुसरीकडून आणून! आणि आपण मोठ्यांनीच असं धरून चाललो की मुलंही तेच धरून चालतात. सकाळी सात ते अकरा कॉलेज, तेही हजेरीपुरतं. बाकीचा दिवस क्लासला. क्लास नसेल तर मोबाईलला. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस गाईड आणायचं, मागच्या पाच वर्षांचे पेपर बघायचे आणि साठ टक्के मिळवायचे. तीन वर्षांनी आईवडील म्हणणार, "हल्ली डिग्रीला काही किंमत राहिली नाही हो." अहो, जिला तीन वर्षांत हातच लावला नाही तिला किंमत येणार कुठून?

यात माझंही पाप आहे, ते आधी कबूल करते. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. आमच्या वेळी कॉमर्सच्या मुलांना आम्ही 'भावी कारकून' म्हणायचो. पुढे शाळेत शिकवताना दहावीच्या निकालानंतर मुलं विचारायला यायची, तेव्हा मी मार्कांची उतरंडच लावून द्यायची. वर सायन्स, मध्ये कॉमर्स, खाली आर्ट्स. मुंबईतल्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे कॉमर्सच्याच कॉलेजात, १९१८ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्र शिकवत होते, आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ साली आला, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. बाबासाहेबांच्या जयंतीला दरवर्षी भाषणं करूनही!

डोळे उघडले ते मात्र वाचनाने नव्हे, फटक्याने. आमच्या गावातल्या एका पतसंस्थेत माझी ठेव होती. संस्था अडचणीत आली, ठेवी अडकल्या, आता हप्त्याहप्त्याने थोडेथोडे पैसे मिळतात. दरवर्षी त्यांचा अहवाल घरी यायचा. मी त्यात काय बघायची? अध्यक्षांचा फोटो आणि लाभांश किती टक्के. मग तो अहवाल कपाटात अंथरायला. तीन वर्षांचे अहवाल तसेच फडताळात सापडले, ते काढून नातीपुढे ठेवले. म्हटलं, "तू ताळेबंद शिकतेस ना? मग सांग, हे मला आधी कळायला हवं होतं का?"

तिने एक पान उलटलं आणि म्हणाली, "आजी, हे आमच्या फॉरमॅटमध्ये नाहीये."

मग म्हणाली, "आणि इथे 'जिंदगी व येणी' लिहिलंय. जिंदगी म्हणजे लाइफ ना?"

मला हसावं की रडावं कळेना. जिंदगी म्हणजे मालमत्ता, तिच्या भाषेत ॲसेट्स. हे मला ठाऊक होतं, पण पुढचं काही कळत नव्हतं. तिला पुढचं ठाऊक होतं, पण शब्द अडत होता. दोघी मिळून बसलो, एक रविवार आणि दुसऱ्या रविवारची दुपार. 'येणे व्याज' या ओळीपाशी ती एकदम ओरडलीच, "आजी, हे तर ॲक्रूड इन्कम! याची ॲडजस्टमेंट आम्ही अकरावीपासून करतोय!" कर्जदाराने व्याज अजून दिलेलं नाही, पण येणार आहे असं धरून ते उत्पन्नात घ्यायचं. तेच येणं म्हणून जिंदगीच्या बाजूलाही दाखवायचं. तिन्ही वर्षांचे आकडे तिने शेजारी शेजारी मांडले. कर्जं जवळपास तेवढीच, आणि येणे व्याज मात्र तीन वर्षांत दुपटीच्या वर. म्हणजे जुने कर्जदार व्याज देतच नव्हते! नफा होता तो कागदावर, आणि त्या नफ्यावर आम्ही सभासद लाभांश घेऊन खूश.

मी विचारलं, "बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत विमा असतो म्हणतात, तो मला का नाही?" ती म्हणाली, "तो बँकांना असतो, पतसंस्थांना नाही. डीआयसीजीसीचा फुल फॉर्म आम्हाला एक मार्काला होता."

एक मार्काला! माझी आयुष्याची पुंजी होती ती.

आता सांगा, हा विषय रिकामं ताट आहे? बँक जुळवणी पत्रक हा मुलांच्या लेखी ऑप्शनला टाकायचा प्रश्न. ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात रोख आणि बँकेत म्हणून दाखवलेल्या रकमेतले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. बँकेत किती आहेत आणि वहीत किती लिहिलेत, एवढाच तो प्रश्न. पोरांनी ऑप्शनला टाकलेला.

कॉलेजांनाही मी सोडणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आहे, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आहे. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात मुलं काकांच्या दुकानाचा शिक्का मारून आणतात आणि प्राध्यापक सही करतात. अरे, काकांचं दुकान आहे तर तिथे बसा ना! दुपार मोकळीच असते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून लहानसहान दुकानदारसुद्धा रिटर्न भरायला माणूस शोधत असतो. एका दुकानाची कीर्द-खतावणी वर्षभर लिहा, बिलं लावा, महिन्याच्या महिन्याला बँकेशी जुळवा. सोसायटीचे खजिनदार हिशेबाला कंटाळलेले असतात, त्यांच्याकडे जा. वडिलांचं आयकर विवरणपत्र त्यांच्या शेजारी बसून भरा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल इंटरनेटवर फुकट असतात. घरात ज्या कंपनीचा साबण येतो तिचा अहवाल घ्या आणि शेवटच्या टिपा आधी वाचा. सगळी गंमत तिथेच असते, असं नात म्हणते. आणि मराठी शब्दही शिका. घसारा, तेरीज, गंगाजळी, जिंदगी. उद्या गावातल्या संस्थेचा कागद तुमच्याच हातात येणार आहे.

"पण नुसत्या बी.कॉम.ला नोकरी कोण देतं?" असं आमचे धाकटे दीर फोनवर म्हणाले. भावजी, नुसत्या कागदाला कोणी देत नाही, हे मला मान्य. पण वर्षभर खरे हिशेब लिहिलेल्या मुलीला 'नुसती' म्हणू नका. आणि सीएशी माझं वैर नाही. पदवीनंतरही तो रस्ता उघडा असतो. कॉमर्सच्या पदवीधराला ५५ टक्के असले की फाउंडेशन न देता सरळ इंटरमिजिएटला नोंदणी करता येते. मग अठराव्या वर्षी मुलाला दोन्ही दगडांवर उभं करून, दोन्हीकडे नापास झाला की त्यालाच बोल लावायचे, ही घाई कशासाठी? शेजाऱ्यांना सांगायला?

असो. फार चिडून लिहिलं का? असेल.

संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. अहवाल अजून आलेला नाही. आला की नात शनिवारी रात्रीच मुक्कामाला येणार आहे, आणि प्रश्न लिहून देणार आहे. ती सभासद नाही, त्यामुळे सभेत उभं मलाच राहावं लागेल.