संकल्पचित्राचा चौकोन आणि तांड्यावरची कांचळी

शासकीय रेखाकला परीक्षेस बसणाऱ्या मुलांना ‘संकल्पचित्र’ हा शब्द चांगला परिचयाचा असतो. दिलेल्या चौकोनात पाने, फुले, पक्षी बसवायचे, रंग सपाट भरायचे आणि कडा स्वच्छ राखायच्या, एवढाच त्याचा अर्थ बहुतेकांच्या मनात उरतो. वाशीम जिल्ह्यातील एखादा विद्यार्थी पुढे अभिकल्पाच्या शिक्षणासाठी मुंबईस वा अहमदाबादेस जातो, तेव्हा त्याच्या हाती बाउहाउसविषयीचे ग्रंथ पडतात. वॉल्टर ग्रोपियस यांनी १९१९ साली वायमार येथे स्थापिलेल्या या शाळेने कारागीर आणि कलावंत यांच्यामधील भिंत पाडण्याचा ध्यास घेतला होता. तेथील विणकाम-विभागात शिकलेल्या आनी अल्बर्स यांच्या चौकोन-पट्ट्यांच्या रचना पाहून तो थक्क होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु मानोरा तालुक्यातील तांड्यावर त्याने लहानपणापासून पाहिलेल्या कांचळीवरही आरसे, कवड्या आणि टाक्यांनी बांधलेले त्रिकोण-चौकोन होतेच. ते पाहण्याजोगे आहेत, असे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

हा दोष विद्यार्थ्याचा नव्हे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात आपल्या नित्याच्या तांब्याच्या घडणीचा मनःपूर्वक गौरव केला. त्या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. स्वयंपाकघरातील वस्तूकडे पाहण्यास आपल्याला परक्या पाहुण्याने शिकवावे, हे थोडे लाजिरवाणेच!

तथापि ‘आमच्याकडे सारे होतेच’ अशी आरोळी ठोकण्याचेही कारण नाही. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. त्या शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले, हे खरे. पण त्या अभिमानाने आज कोणाची दृष्टी तयार होत नाही. ती नव्या चळवळींशी झगडूनच तयार होते. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे ह. अं. गाडे १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह गटाच्या संस्थापकांत होते. त्यांनी युरोपीय चित्रकलेकडे पाठ फिरविली नाही. तिच्या साहाय्याने येथीलच घरे आणि टेकड्या नव्याने पाहिल्या.

प्रश्न केवळ सौंदर्यदृष्टीचा नाही, किमतीचाही आहे. टाका घालणारीला श्रमाचे मोल मिळते, आणि ते बहुधा अपुरेच असते. रचनेचे मोल तिच्यावर आपले नाव घालणाऱ्याकडे जाते. कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी भरतकामाने भौगोलिक मानांकन मिळविले. मानांकनाने लगेच पोट भरत नाही, पण ही रचना कोणाची, या प्रश्नाला निदान कायदेशीर उत्तर मिळते.

पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. जिल्ह्यातील चित्रकला शिक्षकांनी रेखाकला परीक्षेच्या मुलांना वह्या-पेन्सिलींसह तेथे नेण्यास फार मोठा खर्च येणार नाही. त्या दिवशी तांड्यावरील दोन-तीन जाणत्या स्त्रियांना शिक्षिका म्हणून बोलवावे आणि चौकोन कसा भरतात, हे मुलांनी त्यांच्याकडून समजून घ्यावे. मानधन मात्र त्यांना पाहुण्या व्याख्यात्याच्या दराने द्यावे; रोजमजुरीच्या दराने नव्हे.