पावसाळ्यापूर्वीची आवारसफाई : मुकादमावर सोपविण्याचे काम नव्हे

ग्रीष्म सरत आला की वैद्यवर्गाची व्याख्याने सुरू होतात. वर्षाऋतूत अग्निमांद्य का होते, वात कसा प्रकुपित होतो, पाणी उकळून का प्यावे, बस्तिकर्म केव्हा करावे, हे आपण रुग्णांस दरवर्षी समजावून सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच दिवसांत आपल्या चिकित्सालयामागील अथवा औषधनिर्माणशाळेभोवतालच्या आवारात किती वैद्य स्वतः उतरून पाहतात? बहुधा एखाद्या मुकादमास 'सगळे साफ करून टाक' एवढे सांगितले जाते, जेसीबी येतो, अर्ध्या दिवसात जमीन खरवडली जाते आणि मालक समाधानाने बिल चुकते करतात. आमच्या मते हे काम वैद्याने स्वतः उभे राहून करवून घ्यावयाचे आहे. काय काढावे आणि काय राखावे याचा निर्णय द्रव्यगुण शिकलेल्या माणसानेच घ्यावयास हवा. मुकादमाकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

आम्ही संत तुकाराम नगरात वैद्यकी करतो. वायसीएम रुग्णालयाच्या छायेत असलेल्या, २०२२ पासून मेट्रोचे स्थानक लाभलेल्या या वसाहतीत आवार म्हणजे इमारतीमागील चिंचोळी पट्टी. मोठी आवारे आहेत ती भोसरी, चिखली, चाकण या पट्ट्यातील औषधनिर्मात्या बंधूंची. औद्योगिक भागातील आवाराचा स्वभावच निराळा असतो. रसायनांचे रिकामे निळे पिंप, फुटके टायर, यंत्रांच्या लाकडी पेट्या, बांधकामातून उरलेल्या विटा, 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेला गंजका पत्रा! त्यात आपल्या व्यवसायाची भर म्हणजे फुटक्या बरण्या, आसवारिष्टांच्या नाकारलेल्या बाटल्या आणि काढ्याच्या चोथ्याचा ढीग.

चरकाचार्यांनी विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचे विवेचन करताना वायू, उदक, देश आणि काल या चार भावांच्या विकृतीची लक्षणे सांगितली आहेत. विकृत देशाच्या वर्णनात माजलेले गवत व वेली येतात, तसेच डास, माश्या, उंदीर आणि सरपटणारे प्राणीही येतात. आपण हा अध्याय परीक्षेसाठी पाठ केला. आपले स्वतःचे आवार त्या वर्णनात बसते का, हे मे महिन्यात एकदा पडताळून पाहण्यास काय हरकत आहे?

पुणे जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरातच या रोगाचे अनेक रुग्ण निघाले. झिका, डेंग्यू आणि चिकुनगुन्या या तिन्हींचा प्रसार करणारा एडिस डास गटारापेक्षा भांड्यातील स्वच्छ पाणी पसंत करतो. त्याची अंडी भांड्याच्या आतील भिंतीस चिकटून कोरड्या अवस्थेत कित्येक महिने तग धरतात. म्हणून पिंप केवळ उपडे करून भागत नाही. ते आतून काथ्याने घासूनच मग पालथे ठेवावे लागते. पन्हाळीत साचलेला पाचोळा हे या डासाचे दुसरे घर, आणि तेथे शिडी लावून पाहण्याचा कंटाळा सर्वांनाच असतो. पाऊस सुरू झाल्यावर आठवड्यातून एक दिवस सर्व साठे कोरडे करण्याचा नियम पाळावा. अंड्यापासून डास होण्यास साधारण तेवढाच काळ पुरतो.

चोथ्याविषयी थोडक्यात. उन्हाळ्यात तो वाळून निरुपद्रवी दिसतो, पण पहिल्या सरीबरोबर आंबू लागतो, त्यावर माश्या बसतात आणि शेजारीच कच्च्या मालाच्या गोण्या असतात. खड्ड्यात मातीच्या थरांनी झाकल्यास त्याचेच उत्तम खत होते. गोण्या मात्र जमिनीपासून व भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर असाव्यात. हे आपल्या बंधूंस ठाऊक आहे. फक्त ते जुलैत आठवते.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. खरवडलेली जमीन रिकामी राहत नाही. मशागतीविना उघडी पडलेली जमीन या भागात प्रथम कोणाच्या ताब्यात जाते, हे पिंपरी-चिंचवडच्या कोणत्याही मोकळ्या भूखंडावर पाहावे: गाजर गवत! १९५५ च्या सुमारास या वनस्पतीची नोंद भारतात झाली ती पुण्यातच, आणि तेव्हापासून तिने देश व्यापला. एका झाडापासून हजारो बिया तयार होतात, त्या मातीत दबा धरून बसतात आणि वळवाच्या पहिल्याच पावसाने उगवतात. म्हणजे जेसीबीने वरचा थर काढून, स्पर्धा करणारी सर्व झाडे नाहीशी करून आपण पैसे मोजतो आणि गाजर गवतास वाफा तयार करून देतो.

याची किंमत आमच्यासारख्यांस चिकित्सालयात दिसते. कारखान्यांच्या आवारांत बागकाम करणारे कामगार दर पावसाळ्यात मान, चेहरा, पापण्या आणि कोपरांच्या खोबणीत कंडू व स्राव घेऊन येतात. विचर्चिका समजून खदिरारिष्ट, गंधक रसायन, क्वचित शोधनही होते. रुग्ण बरा होतो, कामावर परततो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा दारात उभा राहतो. निदानपरिवर्जन झालेलेच नसते. पुढच्या वेळी अशा रुग्णास नाडीपरीक्षणाबरोबर एवढे अवश्य विचारावे, 'आपण गवत उपटता का? हातमोजे मिळतात का?' आणि आपल्या स्वतःच्या आवारात हे काम करणाऱ्यास हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा आपण देतो का, हेही.

गाजर गवताचा एक उपाय आपल्या निघंटूतच आहे: टाकळा, म्हणजेच चक्रमर्द. दद्रुघ्न म्हणून आपण ज्याचे बीज वापरतो आणि कोकणात ज्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात, तोच. पावसापूर्वी त्याचे बी फेकून ठेवले असता तो दाट उगवतो आणि गाजर गवतास वाढू देत नाही. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयही गाजर गवताच्या जागी टाकळा पेरण्याची शिफारस करते. मात्र येथेही डोळस असावे. पुण्याच्या परिसरात टाकळ्याचा एक परदेशी भाऊबंद बेसुमार पसरला असून अनेक जण त्यालाच टाकळा म्हणतात. त्याचे अंग केसाळ असते आणि आखूड, चपट्या शेंगा घोसाने लागतात. आपल्या टाकळ्याची शेंग वीतभर, बारीक व किंचित वाकलेली असते. बी गोळा करताना शेंग पाहावी, मजुराच्या शब्दावर जाऊ नये.

तणनाशक फवारण्याचा सल्ला देणारेही पुष्कळ भेटतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करावा असे बंधन घातले, याचा त्यांस विसर पडलेला असतो. ज्या आवारात आपण वनस्पती वाळत घालतो तेथे असे द्रव्य फवारणे आम्हांस तरी विवेकाचे वाटत नाही.

राखावयाच्या वनस्पतींत पुनर्नवा प्रथम येते. उन्हाळ्यात ती दिसेनाशी होते, परंतु मूळ जिवंत असते. नावच तिचे वर्तन सांगते. कुंपणालगतची तीन-चार हातांची पट्टी न खरवडता सोडली तर आषाढात तेथे पुनर्नवा, वसू, भुईआवळी, माका, आघाडा दिसू लागतात. पुनर्नवा आणि वसू शेजारी उगवल्या की बाजारात होणारी गफलत नव्या पदवीधरास पाच मिनिटांत शिकविता येते: वसूचे पान मांसल आणि फूल पानाच्या बगलेत एकटे, तर पुनर्नवेची चिमुकली फुले फुटलेल्या देठांवर गुच्छाने. मात्र औद्योगिक पट्ट्यातील आवारात उगवलेली वनस्पती औषधात घालू नये. सुश्रुताचार्यांनी भूमिपरीक्षेत स्मशान, वारूळ असलेली जागा वर्ज्य सांगितली. त्यांच्या काळी रसायनांचे पिंप असते तर तीही यादीत आली असती. ही पट्टी ओळखीसाठी, विद्यार्थ्यांसाठी राखावी.

सर्व आवार फरशीने मढवावे, म्हणजे तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याचे तोंड बंद, असे आमचे एक ज्येष्ठ मित्र म्हणतात. २००० साली लागू झालेल्या शेड्यूल टी मध्ये कारखान्याच्या जागेस उघडी गटारे, दुर्गंधी, धूर व धूळ यांचा उपसर्ग नसावा ही अपेक्षा आहे. आवाराचा प्रत्येक इंच सिमेंटने झाकावा असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. वाळवणाचा ओटा आणि मालाची ये-जा होते तो मार्ग पक्का असावा. उरलेल्या जमिनीस पाणी पिऊ द्यावे, अन्यथा ते शेजाऱ्याच्या गोदामात शिरते.

विटांचे व लाकडांचे ढीग हलविताना घोणस, नाग, मण्यार अथवा फुरसे निघणे नवलाचे नाही. ढीग हाताने उचकटू नये, काठीने हलवावा, पायांत गमबूट असावेत. आणि दंश झालाच तर अगदतंत्रातील लेपांत वेळ न दवडता रुग्णास त्वरित प्रतिविष उपलब्ध असलेल्या मोठ्या रुग्णालयात पोहोचवावे. याविषयी वैद्यांत दोन मते असू नयेत असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

काळाचेही भान हवे. मृगाच्या तोंडावर कामास हात घालण्याची आपली जुनी सवय. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच पुण्यात पोहोचला आणि कित्येकांचे पिंप आवारातच भरले. वैशाखातच आवरावे हे बरे. तसेच मुकादमाशी ठरविताना दोन फेऱ्यांची मजुरी ठरवावी. पहिली फेरी भंगार, पन्हाळी आणि गटारे यांची; दुसरी पाऊस सुरू झाल्यापासून तीन-चार आठवड्यांनी, उगवलेले गाजर गवत ओल्या मातीतून फुले येण्यापूर्वी मुळासकट उपटण्याची. फुलापूर्वी उपटलेले गवत चोथ्याच्या खड्ड्यात गेले तरी चालते, फुलल्यानंतरचे नाही.

टाकळ्याचे बी, शेंग पाहून गेल्या मार्गशीर्षात गोळा केलेले, आमच्याकडे दोन गोणी शिल्लक आहे. ज्या वैद्यबंधू-भगिनींस वा औषधनिर्मात्यांस हवे असेल त्यांनी संघटनेच्या पुढील सभेस पिशवी घेऊन यावे.