निवृत्तीची पुंजी आणि बाजाराची लहर

१ नोव्हेंबर २००५ ही तारीख महाराष्ट्रातील शिक्षक आणि कारकून यांच्या आयुष्यात सीमारेषा ठरली. त्या दिवसापासून शासकीय सेवेत येणाऱ्यांसाठी अखेरच्या वेतनावर आधारलेल्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदायी योजना आली. वार्धक्याचा जो भार सरकार वाहत होते, तो कर्मचाऱ्याच्या खांद्यावर गेला. मार्च २०२३ मधील राज्यव्यापी संपाच्या मुळाशी हीच अस्वस्थता होती. २५ ऑगस्ट २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने हमी देणाऱ्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेस मान्यता दिली, ती या अस्वस्थतेची कबुलीच होय. परंतु छत्रपती संभाजीनगरातील विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, तासिका तत्त्वावरील प्राध्यापक, दुकानांतील हिशेबनीस यांना अशी हमी कोण देणार? पुंजी कोठे ठेवावी, हा प्रश्न त्यांना स्वतःच सोडवावा लागतो.

शेअर बाजार त्यांना भिववतो, आणि ते अकारण नव्हे. मुंबईचा निर्देशांक जानेवारी २०२० मध्ये ४२,००० च्या वर होता. २३ मार्च रोजी तो २६,००० च्या खाली बंद झाला. सारी पुंजी शेअरमध्ये असलेल्याचे दहा लाख दोन महिन्यांत जेमतेम सव्वासहा लाख उरले. ही घट त्याच नोव्हेंबरात भरून निघाली, हे खरे. परंतु जानेवारी २००८ ची पातळी परत यावयास २०१० चा नोव्हेंबर उजाडावा लागला होता. तरुणाला तीन वर्षे थांबणे परवडते. २००९ साली निवृत्त झालेल्याला घरखर्च थांबवता येत नव्हता.

मग शेअर वर्ज्यच मानावेत काय? तसेही नव्हे. महागाई दरसाल सहा टक्क्यांनी वाढली, तर बारा वर्षांत रुपयाची खरेदीशक्ती निम्मी होते. साठीनंतर वीस-पंचवीस वर्षे जगणाऱ्याला केवळ ठेवींच्या व्याजावर ही झीज भरून काढणे कठीण आहे. शिवाय ‘ठेव’ हा शब्दच सुरक्षिततेची हमी नव्हे. २०२३ मध्ये याच शहरात आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेतील सुमारे दोनशे कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदला गेला, तेव्हा निवृत्तीची रक्कम अडकलेले ठेवीदार रस्त्यावर आले. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. एक-दोन टक्के जादा व्याजाचा मोह किती महाग पडतो, हे मराठवाड्याला निराळे सांगावयास नको.

तात्पर्य, पुंजीची वाटणी बाजाराच्या लहरीवरून नव्हे, तर पैसा केव्हा लागणार आहे यावरून ठरली पाहिजे. निवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांचा खर्च बाजाराबाहेर, राष्ट्रीयीकृत बँक, टपाल खाते वा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत असावा. दहा-पंधरा वर्षांनी लागणाऱ्या रकमेचा काही भाग शेअरमध्ये राहू शकतो. दहा लाखांपैकी अडीच लाखच शेअरमध्ये असते, तर २०२० ची पडझड सुमारे ९६ हजारांवर थांबली असती. तेवढा घाव सोसता येतो. निवृत्ती जवळ येईल तसा हा भाग दरवर्षी थोडथोडा कमी करावा. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील मध्यम जीवनचक्र पर्याय हेच करतो: पस्तिशीपर्यंत निम्मी रक्कम शेअरमध्ये, पंचावन्नाव्या वर्षी केवळ दहा टक्के. घसरणीच्या दिवशी घाबरून विकणे आणि तेजीच्या दिवशी हुरळून घेणे, या दोन्ही चुका अशा पूर्वनियोजनाने टळतात.

अर्थात, शिस्तीचा हा उपदेश बचत करू शकणाऱ्यालाच उपयोगी आहे. तासांवर मानधन घेणाऱ्याने काय वाटावे आणि कशात वाटावे? आयुष्यभर शिकवणाऱ्याच्या म्हातारपणाची किमान तजवीज निर्देशांकावर सोपवणे हे अर्थशास्त्र नव्हे, जबाबदारी झटकणे आहे. किमान निवृत्तिवेतनाची हमी शासनाने द्यावी. त्यावरच्या पुंजीचा विवेक नागरिकाने बाळगावा. पहिले कर्तव्य टाळून दुसऱ्याचा उपदेश करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.