ट्रॉलीचा गंज आणि हातोड्याची घाई



दसरा तोंडावर आला की गावोगावच्या गॅरेजपुढे ट्रॉल्यांची रांग लागते आणि हातोड्यांचा ठणठणाट सुरू होतो. नट सुटत नाही म्हणून पान्याला पाइप लावून दोघे जण लोंबकळतात. मग बोल्टच तुटतो, अर्धा आत राहतो आणि आठवडा जातो. ट्रॉलीच्या पहिल्या खेपा हुकतात. तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटते, उतारा पडतो.

आम्हांस यात मिस्त्रीपेक्षा मालकाचा दोष जास्त दिसतो. पट्टा पडला की रसाने आणि मातीने माखलेली ट्रॉली तशीच बांधावर उभी राहते, ती पावसाळाभर. शिराळा-पाटणकडचा पाऊस तर सांगायलाच नको. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून नट-बोल्ट एकमेकांत गच्च बसतात. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली, लोखंडी नांगर घरोघरी आला. त्या आपल्या भागाला हे सांगावे लागते!

उपाय साधा, पण वेळ खाणारा. आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत. डिझेलात थोडे ऑइल मिसळून सोडावे, रात्रभर मुरू द्यावे. सकाळी नटाच्या कडेला हलके ठोके द्यावेत आणि रिंगपान्याने जरा मागे, जरा पुढे असे करीत सोडवावा. करकरला की पुन्हा तेल. आटे कोणत्या बाजूचे आहेत हेही आधी पाहावे. जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असत. हे ठाऊक नसल्याने आम्ही एकदा तासभर नट सोडवीत नव्हे, आवळीत बसलो होतो.

गॅसची ज्योत मात्र टायर चढवलेल्या चाकाच्या नटाला किंवा रिमला कधीही लावू नये. आतले रबर तापून वायू होतो, तो पेटला की टायर बॉम्बसारखा फुटतो. हवा सोडली म्हणून धोका टळत नाही. नट निघतच नसेल तर छिन्नीने फोडावा. नट नवा मिळतो, माणूस मिळत नाही.

पावसाळ्यात वर्कशॉपचे फिटर मिलच्या कामात गुंतलेले असतात, हे आम्ही जाणतो. तरी जूनचे दोन रविवार प्रत्येक गट ऑफिसला एक फिटर द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. सभासदांनी ट्रॉली धुऊन आणावी. न धुतलेली आली तर परत पाठवायला आम्ही मागेपुढे पाहणार नाही.