तक्ता भरला, पण पाहिले कोणी?

१२ मेच्या आसपास आपल्या शाळा-कॉलेजांत दीपप्रज्वलन होते, नवी बॅच शपथ घेते, पाहुण्यांच्या भाषणात क्रिमियाचे युद्ध येऊन जाते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या शाळेविषयी मात्र दोन वाक्यांपुढे सहसा कोणी जात नाही. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात ती सुरू झाली आणि तिथून नर्सिंगचे शिक्षण जगभर गेले. दोन्ही खरेच. पण मधली दहा-बारा वर्षे अशी आहेत की त्यांत ही शाळा जवळजवळ फसली होती. ट्युटर आणि इनचार्ज सिस्टर यांच्या उपयोगाचा इतिहास तोच आहे.

क्रिमियातल्या कामाच्या गौरवार्थ लोकांनी ४४ हजार पौंडांहून अधिक निधी जमवला होता. निधीकडे स्वतःचे रुग्णालय नव्हते, म्हणून सेंट थॉमसशी करार झाला. पहिल्या तुकडीत १५ जणी, एका वर्षाचे प्रशिक्षण, राहणे-जेवण-गणवेश मोफत आणि वर वर्षाला १० पौंड. त्यानंतर काही वर्षे निधी सांगेल तिथे नोकरी. रुग्णालयाला हा सौदा परवडणाराच होता, कारण दुसऱ्याच्या पैशाने वॉर्डात जादा हात मिळत होते. शिकवण्याची कळकळ तिथे सर्वांना होती असे नाही. तिथलेच ज्येष्ठ शल्यचिकित्सक जॉन फ्लिंट साउथ यांनी १८५७ मध्ये पुस्तिका काढून मत मांडले होते की नर्सचा दर्जा घरातल्या मोलकरणीइतकाच. तिला फारसे शिकवायची गरज नाही.

नाइटिंगेलबाईंची आकड्यांवर आणि नोंदींवर भिस्त होती. त्यांनी प्रत्येक प्रोबेशनरसाठी दरमहा भरायचा तक्ता आखून दिला. एका बाजूला वागणुकीचे रकाने: वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप. दुसऱ्या बाजूला कौशल्ये: ड्रेसिंग, जळवा लावणे, एनिमा, बँडेज बांधणे, बेड मेकिंग, रुग्णासाठी स्वयंपाक, वॉर्डात हवा खेळती ठेवणे, रुग्णाचे निरीक्षण. प्रत्येक रकान्यात ‘उत्कृष्ट’पासून शून्यापर्यंत शेरा. आजच्या कोणत्याही प्रोसिजर बुकशेजारी ठेवला तरी तो तक्ता बिचकणार नाही. जळवा तेवढ्या काढाव्या लागतील.

तक्ता मेट्रन सारा वॉर्डरोपर भरत. १८५४ पासून त्यांच्या खांद्यावर अख्ख्या रुग्णालयाचा गाडा होता, आणि त्यांचे स्वतःचे नर्सिंगचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. कोणत्या मुलीने कोणत्या खाटेपाशी काय केले हे त्यांना प्रत्यक्ष दिसणार तरी कधी? व्याख्यानांची जबाबदारी निवासी वैद्यकीय अधिकारी व्हिटफिल्ड यांच्याकडे होती. बाई स्वतः आजारपणामुळे घरातच, भारतातल्या पलटणींच्या आरोग्याच्या कागदपत्रांत बुडालेल्या. १८७१-७२ च्या सुमारास त्यांनी शाळेकडे बारकाईने पाहिले तेव्हा कळले की व्हिटफिल्ड दारूच्या आहारी गेले होते, शिकवणे कधीच मागे पडले होते आणि तक्ते अंदाजाने भरले जात होते. मुली वॉर्डात राबत होत्या, त्यातून जे हाती लागेल तेच शिक्षण. मोनिका बॅली यांनी निधीची जुनी कागदपत्रे चाळून १९८६ च्या आपल्या पुस्तकात हा काळ उघडा केला. त्या स्वतः नर्स होत्या, म्हणूनच बहुधा पूजेच्या सुरात अडकल्या नाहीत.

आणि याच दशकात शाळेची कीर्ती वाढत होती! १८६५ मध्ये ॲग्नेस जोन्स लिव्हरपूलच्या वर्कहाउस इन्फर्मरीत गेल्या, १८६८ मध्ये ल्युसी ऑस्बर्न पाच सहकाऱ्यांसह सिडनीला. जिकडून मागणी येई तिकडे माणसे पाठवायची आणि घरचे दुर्लक्षित ठेवायचे, ही शाळांची जुनीच सवय.

मग सुधारणा कशाने झाली? तक्ता बदलून नव्हे. व्याख्यानांसाठी जॉन क्रॉफ्ट हे शल्यचिकित्सक आले, आणि ‘होम सिस्टर’ हे पद निर्माण झाले. वॉर्डाची ड्युटी नसलेली, मुलींच्या शिक्षणाकडेच पाहणारी बाई. मेरी क्रॉसलँड यांनी हे काम सुमारे दोन दशके केले. व्याख्यानाच्या टिपा तपासायच्या, न समजलेले पुन्हा समजावायचे, कोण मागे पडते आहे ते हेरायचे. माझ्या मते शाळा तेव्हा सुरू झाली. १८६० साली फक्त करार झाला होता.

आपल्याकडे पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रियांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवले, त्यांत विधवाही होत्या. त्यांच्या राहण्याची सोय आणि समाजाच्या टीकेपुढे उभे राहण्याचे काम संस्थेने अंगावर घेतले. रुग्णालयाबाहेर कोणीतरी त्यांची विचारपूस करणारे होते, हे विसरू नये.

आता आजचे लॉगबुक घ्या. पोस्टिंग संपत आले की विद्यार्थिनी वह्यांचा गठ्ठा घेऊन सिस्टरांच्या टेबलापाशी उभ्या राहतात. एकाच पेनाने, एकाच बैठकीत, तीन महिन्यांच्या सह्या. सिस्टरांना दोष देऊन उपयोग नाही. एका ड्युटीत वॉर्ड सांभाळणारीने दहा जणींचे कॅथेटरायझेशन उभे राहून पाहावे, हे होत नाही. क्लिनिकल इन्स्ट्रक्टर नेमलेला असतो, पण त्याच्या वाट्याला थिअरीचे तास, हजेरीपट आणि परीक्षेचे काम येते. काही ठिकाणी तो वॉर्डात फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी दिसतो.

राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा २०२३ मध्ये झाला. तास, गुणोत्तर, अभ्यासक्रम यांवर चर्चा चालू राहील आणि नवे रकानेही येतील. प्राचार्यांनी त्याआधी एक काम करावे: ड्युटी लिस्टमध्ये वॉर्डात निव्वळ शिकवणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि वेळ वेगळी लिहावी, त्या वेळेत तिला दुसरे काम देऊ नये, आणि लॉगबुकवर सही फक्त तिची किंवा प्रोसिजर प्रत्यक्ष पाहणाऱ्या सिस्टरची, त्याच दिवशीच्या तारखेने घ्यावी. ज्या शाळांत हे चालू आहे त्यांनी आपली ड्युटी लिस्ट आम्हाला पाठवावी. पुढच्या अंकात छापू.