काखेत कळसा

नात नववीत फ्रेंच शिकते. परवा रडकुंडीला येऊन म्हणाली, "आजोबा, टेबल स्त्रीलिंगी का?" क्लासमध्ये सांगितले होते, कारण विचारू नका, पाठ करा.

मी म्हटले, "मग आपली खुर्ची 'ती' का?" ती हसली.

माझा राग फ्रेंचवर नाही. मराठी मुलांना फ्रेंच इंग्रजीतून शिकवतात, त्यावर आहे. इंग्रजीत खुर्ची-टेबलाला लिंग नाही, म्हणून तिथे हा प्रश्न पडतो. आपल्याकडे तीन लिंगे, फ्रेंचमध्ये दोनच! प्रत्येक शब्दाचे लिंग पाठ करावे लागते हे खरे, पण कल्पना काही परकी नाही. 'त्यू' कधी आणि 'वू' कधी? तू आणि तुम्ही. इंग्रजीतल्या एकट्या 'यू'वरून हे कसे कळावे?

सगळ्यांना छळतो तो भूतकाळ. 'मी चिठ्ठी लिहिली' म्हणजे 'जे एक्री ला लेत्र'. पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना 'ला लेत्र के जे एक्रीत'. कर्म आधी आले की रूप कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. मराठीत तर कर्म आधी येवो वा नंतर, निबंध लिहिला आणि चिठ्ठी लिहिली. हाच तो कर्मणी प्रयोग! मी तो वर्षानुवर्षे शिकवला आणि 'सर, याचा उपयोग काय?' हे ऐकत आलो.

उपयोग हा, बाळांनो. क्लासवाल्यांना एकच विनंती: फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहिता, तिथे शेजारी एक मराठी वाक्यही लिहा. मुलांचे निम्मे रडे थांबेल, आणि आपली भाषा कुचकामी नाही हेही त्यांना कळेल.